थोरल्याचा सायलेन्सर

अंगद कुठंही पोचायच्या आधी त्याच्या गाडीचा आवाज पोचायचा. सकाळी वस्तीवरून दुधाचे कॅन लादून तो चौसाळ्याच्या डेअरीकडं निघाला, की ओढ्यापलीकडची कुत्री आधी उठायची, मग रस्त्याकडेच्या कोंबड्या काट्यात शिरायच्या, आणि हे सगळं झाल्यावर अंगद दिसायचा. गाडी अठरा वर्षांची. सायलेन्सर खालून गंजून पार चाळण झालेला. या भादव्यात तर मधोमध तीन बोटं जातील एवढं भोक पडलं.

म्हशीनंही त्या आवाजाचा धसका घेतला होता. त्यानं किक मारली की ती पान्हा चोरायची.

"आवं, आधी धार तर काढू द्या, मंग डागा तुमची तोफ," त्याची बायको बबिता म्हणायची.

तिच्या बोलण्यात राग कमी आणि चेष्टा जास्त असायची. पण ती चेष्टा पोळ्याच्या बाजाराला संपली. बाजारातून मागं बसून येताना गाडी खड्ड्यात आदळली, तिचा पाय घसरून सायलेन्सरला टेकला, साडीचा काठ करपला आणि पोटरीवर तळहाताएवढं भाजलं. तिनं तोंडातून आवाज काढला नाही. घरी येऊन कोरफड चिरून लावली, करपलेला काठ कात्रीनं कापला आणि म्हणाली, "आजपासून मी चालत येत जाईन."

तेव्हापासून ती चालतच होती. सोयाबीन काढायला शेतात जाताना अंगद गाडीवर पुढं आणि ती डोक्यावर पाटी घेऊन, जखमेला माशी बसू नये म्हणून चिंधी बांधून, मागं. बघणारे बघायचे. माणसं अशा वेळी गप्प बसत नाहीत, आणि गावातली तर मुळीच नाहीत.

"काय अंगदराव, मालकीण रुसली काय?"

अंगद हसल्यासारखं करायचा आणि पुढं जायचा.

नवरात्रात पाचव्या माळेला देवीपुढं कीर्तन होतं. त्या संध्याकाळी डेअरीवर वेळ झाला आणि अंगदला मंडपाला चिकटूनच यावं लागलं. दुसरी वाट नव्हती. महाराजांनी अभंगाचं चरण नुकतंच उचललं होतं. गाडीचा आवाज मंडपात शिरला तसे ते थांबले, टाळकऱ्यांना हातानं गप्प केलं आणि म्हणाले, "थांबा मंडळी. मघापासून आपण टाळ कुटतोय, पण देवीला ऐकू जाईल असं भजन हे एकच. आधी ह्यांचं होऊ द्या."

अख्खा मंडप हसला. बायकांत बसलेल्या बबितानं पदर तोंडाशी धरला आणि ती खाली बघत राहिली. अंगदनं गाडी बंद केली, खाली उतरला आणि मंडपाच्या उजेडाबाहेर जाईपर्यंत ती ढकलत नेली. ढकलताना रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते. लोक त्यावरही हसले.

दुसऱ्या दिवशी डेअरीला दूध घालून तो तडक सुग्रीव मेस्त्रीकडं गेला. सुग्रीवनं उकिडवं बसून सायलेन्सरला स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तर तो आरपार गेला.

"टाका मार एखादा," अंगद म्हणाला.

"कशावर मारू? पत्राच ऱ्हायला न्हाई. गंजावर टाका धरतो व्हय?"

"मंग नवा टाक."

"नवा कुठला? ही गाडी यायची बंद होऊन धा वर्षं झाली. दुसरा बसवला तर त्याची कडी जुळत न्हाई, हिचाच पायजे. बीडला भंगारात मी तीनदा बघून आलतो." सुग्रीव चिंधीला हात पुसत उठला. "तशी एक गाडी हाय की. तुमच्याच वस्तीवर."

अंगदला ते सांगायला सुग्रीव कशाला हवा होता? ती गाडी त्याचा थोरला भाऊ आदिनाथ याची. दोघा भावांनी मेंढरं विकून एकाच दिवशी, एकाच रंगाच्या दोन गाड्या आणल्या होत्या. गाव त्यांना बैलजोडी म्हणायचं. गेल्या वर्षी चैत्रात आदिनाथ मेंढरामागं असताना आभाळ भरून आलं आणि त्याच्यावर वीज पडली. तेराव्याला भावकी बसली होती. अंगद सगळ्यांदेखत बोलून गेला, "वैनी, गाडी मला द्या. बाईमाणसाला ती दारात सडवून काय करायची?"

भिंतीला टेकून बसलेली उज्ज्वलावहिनी म्हणाली, "गाडी दारातच ऱ्हाईल."

एवढंच. भावकीतलं कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं अंगदला अजून बोचायचं. तेव्हापासून दोन घरांतलं बोलणं मेंढरं आली का, लाईट गेली का, एवढ्यावर आलं होतं. पुन्हा मागायला त्याला तोंड नव्हतं. आणि न मागता घ्यायला तोंड लागतच नाही, पाना लागतो.

सहाव्या माळेला सगळी वस्ती सोयाबीनमध्ये होती. उज्ज्वलावहिनी आणि तिची पोरगी मोहिनी ओढ्याकाठच्या तुकड्यात विळा चालवत होत्या. दुपारी ऊन डोक्यावर आल्यावर अंगदनं विळा कमरेला खोचला आणि बबिताला म्हणाला, "पाणी संपलं. घेऊन येतो."

"कळशी भरलेली हाय की."

"गरम झालंय ते."

आपली गाडी त्यानं घरामागं लावलेली होती. सकाळीच नटांवर डिझेल सोडून ठेवलं होतं. तरी तो कुजका सायलेन्सर काढताना पाना दोनदा सटकला आणि बोटांच्या पेरांची सालं निघाली. मग तो सायलेन्सर काखेत मारून तो कुंपणाच्या फटीतून भावाच्या दारात गेला.

दोन्ही घरांच्या मध्ये एक लिंब होता आणि लिंबाखाली म्हातारी साखराबाईचं बाजलं. दोघांची आई. आदिनाथ गेल्यावर इकडं राहू का तिकडं, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलंही नाही. तिनं आपलं बाजलं मध्ये ओढून घेतलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. कान मात्र सशाचे.

अंगदनं गाडीवरची ताडपत्री उचलली आणि त्याचे हात थांबले. त्याला वाटलं होतं धूळ असेल, कोळ्याची जाळी असतील, उंदरानं सीट खाल्लेलं असेल. गाडी लखलखीत होती. टाकीवर बोटाचा ठसा उठत होता. सायलेन्सरला हात लावला तर तो तेलकट. चाकाजवळ शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणि एक घडी केलेलं फडकं होतं. दीड वर्ष ही बाई न चालणाऱ्या गाडीला तेल लावत होती.

चांगल्या माणसानं इथूनच मागं फिरावं. अंगद काही वाईट माणूस नव्हता, पण कालचा मंडप अजून त्याच्या कानात हसत होता. त्यानं पाना लावला. नट लोण्यासारखे सुटले. त्याच्या नटांनी रक्त काढलं होतं, आणि इथं बोटानं फिरवले तरी फिरत होते. तेवढ्यात पाना खाली फरशीवर पडला.

"कोण हाय तिकडं?" लिंबाखालून म्हातारीनं विचारलं.

अंगदनं श्वास धरला. दहा पावलांवर आई बसली होती, तिचं तोंड थेट त्याच्याकडं होतं.

"उज्ज्वले? आगं, आलीस व्हय?"

तो हलला नाही. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला तरी त्यानं पुसला नाही.

"कुत्रं शिरलंय वाटतं," म्हातारी स्वतःशी म्हणाली आणि तिनं काठी आपटली. "हाड! हाड म्हणते न्हवं!"

बेचाळीस वर्षांचा बाप्या गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. आई हाड हाड करत होती आणि त्याला वाटत होतं की हिनं आता खरंच येऊन पाठीत काठी घालावी म्हणजे बरं. ती गप्प झाल्यावर त्यानं आपला कुजका सायलेन्सर भावाच्या गाडीला बसवला, भोक आतल्या बाजूला येईल असा. नट घाईघाईत, ताकद लावून आवळले. वरून ताडपत्री ओढली, आधी होती तशाच सुरकुत्या पाडून.

संध्याकाळी बबितानं गाडीचा आवाज ऐकला, म्हणजे ऐकलाच नाही, आणि ती दारात आली.

"आवं, ही आपलीच का?"

"बीडला भंगारात घावला. सुग्रीवनं आणून दिला."

ती वाकून बघत राहिली. "काय चकचकीत हाय वो! वापरलेला वाटतच न्हाई." मग चिंधी बांधलेला पाय उचलून ती मागं बसली आणि म्हणाली, "चला, देवीला जाऊन येऊ." मंडपासमोरून जाताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कुणी मान वळवली नाही. बबिताला त्याचं एवढं अप्रूप वाटलं की परत आल्यावर तिनं शिऱ्याला तूप जरा जास्तच सोडलं. अंगदनं मात्र दोन घास खाऊन ताट सारलं.

कारण घरी येताना गाडी लिंबाखालून वळली, तेव्हा म्हातारी बाजल्यावर ताठ उठून बसली होती.

"आदिनाथ आला का रं?" ती म्हणाली.

बबितानं चुकचुक केलं. "आत्याबाय, आमी हाओत. हे आन् मी."

"न्हाई गं. गाडी त्याची हाय."

"म्हातारपण लई वंगाळ," बबिता आत जाताना पुटपुटली. अंगद गाडीचं स्टँड लावत होता. ते लावायला त्याला फार वेळ लागला.

त्यानंतर रोज तेच. सकाळी तो निघाला की म्हातारी म्हणायची, "आदिनाथ, नीट जा बाबा." आला की, "जेवलास का?" खाई त्याला खवखवे म्हणतात. अंगद गाडी ओढ्यापाशीच बंद करून वस्तीपर्यंत ढकलत आणू लागला. चांगल्या गाडीलाही ढकलणं त्याच्या नशिबी आलं.

तरी त्याला एक धीर होता. ती ताडपत्री कोण काढतंय? वहिनी आवसेला तेल लावत असेल, आणि आवस अजून लांब होती. तोवर बीडला, नाहीतर पार अंबाजोगाईला जाऊन असा दुसरा सायलेन्सर शोधायचा आणि गुपचूप बसवून टाकायचा. हिशोब त्यानं नीट केला होता. फक्त खंडेनवमी विसरला. विसरायला कारणही तसंच होतं: गेल्या खंडेनवमीला आदिनाथला जाऊन सहाच महिने झाले होते, वर्षाच्या आत सण कुठला, म्हणून त्या घरात हत्यारं पूजली नव्हती आणि गाडीही बाहेर निघाली नव्हती. या वर्षी वर्ष सरलं होतं.

खंडेनवमीला सकाळीच दोन्ही दारांत हत्यारं धुऊन पोत्यावर मांडली. विळे, खुरपी, कुऱ्हाड, मेंढरांची लोकर कापायची कातर. अंगदच्या दारात बबितानं पानेही मांडले, गाडीला झेंडूची माळ घातली आणि चकचकीत सायलेन्सरवर कुंकवाची पाच बोटं उठवली. कुंपणापलीकडं मोहिनीनं ताडपत्रीचा कोपरा धरला. अंगदच्या हातातला नारळ हातातच राहिला.

मोहिनी बीडला नर्सिंगला होती. "दसरा झाला की मी गाडीवरच जाणार," ती कालपासून सगळ्यांना सांगत होती. प्लग तिनं स्वतः घासून ठेवला होता आणि बाटलीतून पेट्रोल आणलं होतं.

ताडपत्री निघाली. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन गाडीभोवती फिरली आणि उजव्या बाजूला येऊन थांबली. मग खाली बसली. सायलेन्सरवरून तिनं बोट फिरवलं, ते तांबडं झालं. तिनं ते बोट बघितलं. वर मात्र बघितलं नाही.

"आई, एवढा गंज कवा चढला गं ह्याला?" मोहिनीनं विचारलं.

"पावसानं चढला असंल," वहिनी म्हणाली. "तू हो बाजूला, मी कुकू लावते."

अंगदला कळलं की तिला कळलंय. आणि हेही कळलं की ती झाकतेय. भावकीपुढं ज्यानं तिला 'बाईमाणूस' म्हटलं, त्याला ती आपल्या पोरीपुढं झाकत होती. तिनं गंजावर कुंकू लावलं. गंजावर ते नीट दिसतही नव्हतं, म्हणून तिनं दुसऱ्यांदा लावलं. प्रकरण तिथंच मिटलं असतं.

पण मोहिनी गाडीवर बसली होती. पहिल्या किकला नाही, पाचव्याला नाही. दहाव्या का बाराव्या किकला गाडी लागली, आणि तो आवाज उठला. ओढ्यापलीकडची कुत्री उठली. दावणीची म्हैस उसळली. बबिताच्या हातातलं ताट तिरपं होऊन कुंकू मातीत सांडलं. अंगद आपल्या बंद गाडीशेजारी नारळ घेऊन उभा होता आणि त्याची गाडी पलीकडच्या दारात ओरडत होती.

लिंबाखाली म्हातारीनं मान उचलली आणि आनंदानं म्हणाली, "अंगद आला गं! च्या ठिवा त्याला."

मोहिनीनं गाडी बंद केली. तिनं सायलेन्सरकडं बघितलं, मग कुंपणावरून काकाच्या गाडीकडं, झेंडूच्या माळेकडं, कुंकवाच्या पाच बोटांकडं. बबितानं वाकून आपल्या गाडीची माळ काढली, हातात गोळा केली आणि ती आत गेली.

अंगदनं पोत्यावरचा पाना उचलला. तो कुंपणापाशी गेला. "वैनी... आत्ता बदलून देतो. धा मिन्टांत."

"भावजी, पाना खाली ठिवा," वहिनी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आज हत्यारं पूजेत हायती. आज त्येंला कामाला लावत न्हाईत."

"मंग उद्या."

"उद्या दसरा. परवा या."

त्यानं पाना होता तिथं ठेवला. त्याला आत्ता शिव्या हव्या होत्या. शिव्या दिल्या असत्या तर त्यालाही काहीतरी बोलता आलं असतं.

दसऱ्याला आदिनाथ दरवर्षी गाडीवरून घरोघर सोनं वाटायचा. वहिनीनं मोहिनीला आपट्याच्या पानांची पिशवी दिली आणि सांगितलं, "तुझे पप्पा जायचे तशी सगळ्यांकडं जाऊन ये." पोरगी निघाली. अंगद घरात ओसरीच्या खांबाला टेकून बसला आणि कानांनी तिच्यामागं फिरत राहिला. आवाज ओढ्यावर गेला, मारुतीच्या पारावर थांबला, वरच्या आळीला चढला. प्रत्येक दारात 'आला अंगद' म्हणत लोक बाहेर येत असणार आणि समोर आदिनाथची पोरगी दिसत असणार. तिला काही सांगायची गरज नव्हती. काय झालंय ते गाडीच गावभर सांगत होती.

बबिता चुलीपुढं बसली होती. तिनं तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाली, "मला त्याच्यावर बसवून देवीला नेलंत."

तो नखानं खांब खरवडत राहिला.

"मी देवीला म्हणले, माझा नवरा लई गुणाचा हाय."

एवढं बोलून तिनं तवा उतरवला.

सूर्य कलला तसा आवाज वस्तीकडं वळला आणि दारात येऊन बंद झाला. मोहिनी आत आली. पिशवीत शेवटची चार पानं उरली होती. तिनं आधी बबिताला दिलं, पाया पडली. मग अंगदपुढं आली.

"काका, सोनं घ्या. सोन्यासारखं ऱ्हावा."

त्यानं हात पुढं केला. पान हातावर पडलं. ती वाकली, तसे त्यानं पाय मागं घेतले. मागं खांब होता. पोरगी वाकलेलीच थांबली, आणि त्याला पाय लपवायला जागा मिळेना. शेवटी तिची बोटं त्याच्या पावलांना लागली. आशीर्वाद द्यायचा असतो. त्यानं हात उचलला, पण तो तिच्या डोक्यापर्यंत गेला नाही. अंगदला रडू आलं, आणि ते पोरीनं बघितलं. याहून जास्त लाज माणसाला काय वाटायची?

तिसऱ्या दिवशी दिवस उगवायलाच तो वहिनीच्या दारात पाने घेऊन बसला. आता ना कुंपणाची फट होती ना दुपारचा आडोसा. मेंढरं घेऊन जाणारे थांबून बघत होते, डेअरीला निघालेले बघत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. नट त्यानंच ताकद लावून आवळले होते, ते आता हलेनात. जुनी सालं पुन्हा निघाली. वहिनी आतून आली आणि तेलाची बाटली त्याच्या गुडघ्याशी ठेवून म्हणाली, "कोरडे बसवू नका."

थोरल्याचा सायलेन्सर त्यानं थोरल्याच्या गाडीला बसवला. नटांना तेल लावलं, फडक्यानं पुसलं, बाटली जागेवर ठेवली. मोहिनीनं किक मारली. गाडी अशी लागली की लिंबावरचं पाखरूही उडालं नाही.

"आदिनाथ," म्हातारी म्हणाली, "नीट जा बाबा."

"जाते आजी," मोहिनी म्हणाली. वहिनीनं तोंडाला पदर लावला. पोरगी ओढा उतरून दिसेनाशी झाली.

मग अंगद आपल्या दारात आला. कुजका सायलेन्सर पुन्हा आपल्या गाडीला चढवला. बबिता पाटी घेऊन उभी होती. त्यानं गाडी लागते का बघायला किक मारली. कुत्री उठली, म्हैस बिचकली.

"हां," लिंबाखालून म्हातारी म्हणाली. "ह्यो अंगद."

पाच दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याला ओळखलं होतं. अंगदनं मान खाली घातली.

बबितानं पाटी डोक्यावर घेतली आणि ती शेताकडं चालायला लागली. अंगदनं गाडी बंद केली आणि ढकलत तिच्या मागं निघाला.